अंधारात कोंडलेली कुंडी

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मामांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण पानांतलं हरितद्रव्य त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नसेल. तीस वर्षं ते पानं गरम स्पिरिटमध्ये बुडवत आले होते. हिरवा रंग उतरून पान पांढुरकं पडलं की म्हणायचे, "गेली बघा स्वयंपाकीण!" आयोडीनमुळे त्यांची नखं कायमची तपकिरी झाली होती.

मी तेव्हा नवखी होते. नोकरी पक्की होणार की नाही, हे तपासणीच्या एका तासावर ठरणार होतं. प्रयोग तसा सोपा. कुंडी दोन दिवस अंधारात कोंडायची, म्हणजे पानात साठलेला स्टार्च संपतो. मग पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून रोप उन्हात ठेवायचं. नंतर रंग उतरवून आयोडीन टाकलं की उघडा भाग काळानिळा होतो, पट्टीखालचा नाही. ऊन नसेल तर हरितद्रव्याचा स्वयंपाक बंद, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी कुंडी कोंडलेलं कपाट उघडलं आणि मला त्या रोपाची दयाच आली. पाणी घालून ते दिवसभर खिडकीत ठेवलं. शहाणपण सुचलं ते तपासणीच्या दिवशी सकाळी. पानात पुन्हा स्टार्च भरला होता. पट्टीखालचा भागही काळानिळा होणार आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर माझी फजिती होणार!

रडवेली होऊन मामांना सांगितलं, तर ते चक्क हसले. "बाई, जिन्याखालच्या खोक्यात दुसरी आहे. दर वर्षी दोन कोंडतो. एक धड्यासाठी, एक नव्या बाईंच्या मायेसाठी."

"म्हणजे माझ्याआधीही..."

"सगळ्यांत आधी मीच. पहिल्याच वर्षी."

दुपारी प्रयोग झकास झाला. साहेब म्हणाले, "तयारी चोख आहे. कुणी केली?"

"बाईंनीच," मोरीवर बीकर धुता धुता मामा म्हणाले.

गप्प राहिले असते तर सगळं निभावलं असतं. पण त्या माणसाचे उपकार असे गिळून टाकणं मला जमेना. "नाही साहेब. माझी कुंडी मी वाया घालवली. ही मामांची."

मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी मात्र टेबलावरचा खडू उचलून मामांपुढे धरला. "मग मुलांना तुम्हीच समजावून सांगा की."

मामांनी शर्टाला हात पुसले आणि ते तीस वर्षांत पहिल्यांदा फळ्यापाशी येऊन उभे राहिले. कुणी न सांगता अख्खा वर्ग उठून उभा राहिला. पुढे माझी नोकरी पक्की झाली, पण त्या क्षणी तिची आठवणही नव्हती. मीही मुलांबरोबर उभी होते.