वणव्यासमोर बासष्ट घरं

१९४४ च्या उन्हाळ्यात आमची इंजिनिअर कंपनी आसामच्या सरहद्दीजवळ एका दारूगोळ्याच्या डेपोवर होती. मी तेव्हा नाईक होतो. पहाटे साडेपाचला फॉल-इन, सहाला चहा, सव्वासहापासून गवत कापणं. डेपोच्या चारी बाजूंनी वीस यार्डांचा पट्टा आम्ही मातीपर्यंत साफ करत होतो. जवान कुरकुरायचे. लढायला आलो आणि हातात विळे. सुभेदारसाहेब सगळ्यांना एकच सांगायचे, "आग चलके आती है. उसको रास्ता मत दो."

एप्रिलमध्ये समोरच्या टेकडीवर गोळा पडून गवत पेटलं. आग पट्ट्यापर्यंत आली, चाळीस मिनिटं तिथं धुमसली आणि विझली. डेपो जसाच्या तसा राहिला. त्या दिवसापासून कुरकूर बंद झाली.

१९४६ च्या दिवाळीत मी हवालदार होऊन, फौजेतून सुटून घरी आलो. आमचं गाव कडेगावपासून चार कोसांवर, डोंगराच्या पूर्व उतरणीला. बासष्ट घरं. खालच्या आळीत थोडी कौलं, वरच्या आळीत सगळी छपरं गवताची नाहीतर उसाच्या पाचटाची. डोंगर दरवर्षी पेटायचा. जुनं गवत जळलं की नवं चांगलं फुटतं, असं लोक मानायचे आणि कुणीतरी काडी लावायचंच. रात्री डोंगरावर आगीची माळ दिसायची. लहानपणी मला ती आवडायची.

त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला होता, गवत कमरेइतकं वाढलं होतं. माघात मी वरच्या आळीतून फिरलो. गवत घरांच्या भिंतींना लागलेलं. भिंतीला टेकून कडब्याच्या गंजी, गंजीशेजारी शेणींचे हुडवे, वळचणीला सरपण. डेपोवर कुणी असा माल ठेवला असता, तर त्याचं कोर्ट मार्शल झालं असतं.

मी चावडीत बोललो. गावाच्या वर वीस यार्डांचा पट्टा साफ करू. गंजी आणि हुडवे घरापासून लांब नेऊ. दारात पाणी भरून ठेवू.

धोंडीबानाना हसले. नाना पहिल्या लढाईत मेसोपोटेमियात शिपाई होते. साठी ओलांडलेली, पाठ ताठ, मिशा अजून पीळ दिलेल्या. गावात त्यांचा शब्द चालायचा.

"डोंगार आमच्या आज्ज्यापासनं पेटतोय, हवालदार. गाव कवा जळलं?"

"नाना, गवत अजून असं कधी वाढलं नव्हतं."

"आरं, आसामात बाम पडत्यात. हितं कोण टाकतंय?"

लोक हसले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी एकटाच विळा घेऊन वर गेलो. आठ वाजता सगुणावहिनी आल्या. त्यांचा नवरा माझ्याच कंपनीतला, अजून फौजेतच होता. त्यांचं घर सगळ्यात वरचं.

"भावजी, गंज कुटं हलवू तेवढं सांगा. बाकीचं मी बगते."

दुपारपर्यंत त्यांच्याबरोबर पाच बायका होत्या. संध्याकाळी गणपा आला. तो लान्स नाईक होता, माझ्याबरोबरच सुटलेला. बायकांना काम करताना बघून त्याला घरात बसवेना. चौथ्या दिवशी तीसजण झाले. मी लाइनीचे चार भाग केले, प्रत्येक भागाला एक माणूस जबाबदार. गवत कापायचं, ओढून खाली आणायचं, उरलेली मुळं कुदळीनं काढायची. कापलेलं गवत ज्याचं त्याच्या जनावरांना. ही गोष्ट लोकांना पटली.

गंजी खालच्या नांगरलेल्या रानात गेल्या. प्रत्येक दारात पाण्याचं एक पिंप किंवा दोन घागरी, आणि दोन पोती. देवळाची घंटा सलग वाजली की म्हातारी माणसं, पोरं आणि जनावरं खाली नदीच्या वाळूत जायची. कुणी कुणाला न्यायचं, हे घरटी ठरवून दिलं. एकदा दुपारी घंटा वाजवून तालीमही घेतली. पहिल्या खेपेला गोंधळ झाला. एक म्हातारी एकटीच वाळूत पोचली आणि तिला घेऊन जाणारा सासरा-जावयाच्या भांडणात मागंच राहिला. दुसऱ्या खेपेला पंचवीस मिनिटांत गाव रिकामं झालं.

एक भाग राहिला. उत्तरेकडं ओढ्याला लागून नानांचं कुरण होतं. दीडशे पावलं लांबीचं, गवत माणसाच्या छातीला लागेल असं. नानांनी ते कापू दिलं नाही. बैलांना उन्हाळाभर तेच पुरायचं. मी दोनदा गेलो. तिसऱ्यांदा गेलो नाही. वडीलधारा माणूस, त्यात जुना शिपाई. मला जोर करवेना. फौजेत ही चूक मी केली नसती.

होळी होऊन आठ दिवस झाले होते. दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी खिंडीच्या पलीकडून धूर दिसला. पश्चिमेचा वारा सुटलेला. काडी कुणी लावली, ते आजतागायत कळलं नाही. दोनला आग डोंगरमाथ्यावर आली आणि खाली उतरायला लागली.

घंटा वाजली. पावणेतीनच्या आत माणसं आणि जनावरं वाळूत होती. वर आम्ही चाळीसजण राहिलो. हातात निर्गुडीचे ओले डहाळे. छपरांवर बायका, ओली पोती घेऊन. मी गणपाला उत्तरेच्या टोकाला पाठवलं. दहा मिनिटांत तो पळत आला.

"हवालदार, कुरणातनं आग शिरली तर पट्ट्याचा काय उपेग न्हाई. सरळ वहिनीच्या घरावर यील."

मी धावलो. नाना तिथं आधीच उभे होते. धोतर वर खोचलेलं, हातात गवताची पेटती चूड.

"नाना, मागं व्हा."

"तू मागं हो. आगीम्होरं आग लावाय लागंल. गुरं राखताना आमी हेच करीत हुतो. माजं कुरण मीच जाळतो."

हे मला कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं. पण ऐकल्याबरोबर समजलं. वरची आग पोचायच्या आत खालून जाळत नेलं, तर तिला जळायला काही उरणार नाही.

"मी येतो बरोबर."

"तुला वाट म्हाईत हाय का हितली? न्हाई ना? मग माणसं घिऊन ह्या कडंला ऱ्हा. ठिणगी खाली आली की बडवा. ह्यो हुकूम समज."

मी हवालदार, ते पेन्शनीतले शिपाई. मी "जी" म्हणालो.

नाना कुरणाच्या खालच्या कडेनं चूड ओढत चालू लागले. मागं गवत पेटत गेलं. धूर सगळा आमच्या अंगावर. डोळ्यांतून पाणी, समोरचं दिसेना. आम्ही पंधराजण कडेला उभं राहून खाली येणारी ज्वाळा बडवत होतो. पन्नास पावलांवर नाना दिसत होते. शंभरवर फक्त त्यांचा खोकला ऐकू येत होता. पुढं तोही ऐकू येईना.

"नाना!"

"चालू हाय!"

तीन वाजून वीस मिनिटांनी वरची आग आली. आवाज आगगाडीसारखा. बाकी लाइनीवर ती पट्ट्याला अडली. कुरणात जळलेली काळी जमीन पुढ्यात आली आणि तिचा जोर तिथंच बसला. ठिणग्या उडाल्या. सगुणावहिनींच्या छपरावर तीन ठिकाणी पडल्या. वहिनी आणि दोघी बायकांनी पोती टाकून त्या जागच्या जागी मारल्या. वहिनींचा एक हात भाजला. त्या खाली उतरल्या नाहीत.

चार वाजता वरचा डोंगर काळा होता आणि खाली सगळी छपरं जागेवर होती.

नाना कुरणाच्या पार टोकाला, ओढ्याच्या दरडीवर सापडले. शेवटचा दहा पावलांचा तुकडाही त्यांनी जाळला होता. पाय भाजलेले, श्वास घरघरत होता. आम्ही त्यांना घोंगडीत घालून देवळासमोर आणलं. गणपा कराडच्या डॉक्टरसाठी गाडी जुंपायला लागला. नानांनी हातानं नको म्हणून सांगितलं. नदीवरून लोक परत येत होते. म्हशी रेकत होत्या, पोरांना सगळं पुन्हा पुन्हा बघायचं होतं.

नानांनी माझ्याकडं बघितलं. "हवालदार, रिपोट."

मी अटेन्शनमध्ये उभा राहिलो. "घरं बासष्ट. समदी उभी. जनावरं समदी हाजर. माणसं..."

"माणसं?"

"समदी हाजर, नाना."

"बेस." थोड्या वेळानं म्हणाले, "कुरण आदी कापाय पायजे हुतं. तू बराबर हुतास, गड्या."

साडेसहाला ते गेले.

पुढच्या वर्षी माघात मी चावडीत बोलायला उभा राहिलो, तर नानांचा थोरला लेक मध्येच म्हणाला, "आवं, बोलताय काय, विळं घिऊन आलोय की समदी." त्यानं पहिल्यांदा आपलं कुरण कापलं. शेजारच्या दोन गावांची माणसं पट्टा बघायला आली आणि त्यांनीही आपापल्या गावावर तसाच काढला. सगुणावहिनींचा नवरा सुटून आला, त्यानं घरावर कौलं चढवली. हळूहळू वरच्या आळीत बरीच कौलं झाली. डोंगर नंतरही पेटला. गावात आग आली नाही.

लोक मला लढाईचं विचारतात. माझ्या सेक्शनचे चारजण परत आले नाहीत. बाबू, शंकर, यशवंता आणि रामजी. त्यांची नावं आणि ती कुठं पडली त्या जागा मला पाठ आहेत. त्यांच्यानंतर मी पाचवं नाव घेतो. शिपाई धोंडीबा. वय साठच्या पुढं. जागा, आपल्याच गावाच्या वर, आपल्याच कुरणात.