खिडकीचे गज

माझे वडील नळांना चकाकी चढवायच्या कारखान्यात तीस वर्षं राबतायत. तोंडाला फडकं बांधतील तर शपथ! हौदातलं ॲसिड नीट जमलंय का, हे त्यांना वासावरून कळतं. त्याचाच कोण तोरा! सहा महिने घसा जळतोय. आईने गुळण्या करायला लावल्या, मी पित्ताच्या गोळ्या आणल्या. फरक शून्य. शेवटी भांडून दवाखान्यात नेलं.

"कामाच्या जागी खिडकी आहे?" घशात बॅटरी मारत डॉक्टरांनी विचारलं.

"आहे ना! लोखंडी गज वाफेने झिजतात, म्हणून दर दोन वर्षांनी नवे बसवतो."

डॉक्टरांनी बॅटरी बंद केली. त्यांनी मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहिली.

बाबा खुशीत बाहेर आले. "बघ," घोगऱ्या आवाजात म्हणाले, "साधी गोळीसुद्धा दिली नाही!"