जुन्या डोळ्याचा उजेड

उजेड सगळ्यांनाच दिसतो. पण उजेडात काय दिसतं ते सोडून खुद्द उजेडाकडे बघत बसणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साडू निघाला. पाटोद्याला त्यांचं कापडाचं दुकान आहे. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा आणि त्या सदऱ्याच्या खिशांत मिळून निदान चार बॅटऱ्या. बॅटरी म्हणजे हातात धरायची, उजेडाची. तिच्यात घालतात तो सेल. या दोन शब्दांची गल्लत केलेली साडूभाऊंना खपत नाही. एक बॅटरी बोटाच्या पेराएवढी, एक पेनासारखी, एक चपटी, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेली, आणि चौथी त्या आठवड्यात जिच्यावर जीव जडला असेल ती. मी केजला तहसिलीत कारकून. वीज गेली की आम्ही मोबाइलच्या दिव्यावर भागवतो, असं मी एकदा सहज बोलून गेलो. त्यांनी माझ्याकडे ज्या करुणेनं पाहिलं, तशी करुणा मला कुठल्या आजारपणातही लाभलेली नाही.

हे वेड लागलं धंद्यातून. "पाव्हणं, ट्यूबलाइट लई खोटं बोलती," ते सांगायचे. "बाई दुकानातून डाळिंबी साडी नेती, घरी गेली की ती विटकरी होती, आन् शिव्या खायच्या आमी!" म्हणून त्यांनी खरा रंग दाखवणारी बॅटरी शोधायला सुरुवात केली. एक आणली, ती निळसर निघाली. दुसरी आणली, ती हिरवट. मग पार्सलं येऊ लागली, आणि बाजारात मिळते ती बॅटरी म्हणजे नुसता कच्चा माल, या निष्कर्षाला ते पोचले. आलेली बॅटरी पहिल्या दिवशीच उघडायची. आतला तो चिमुकला दिवा, त्याला ते 'दाणा' म्हणत, सोल्डरिंगचा डाख काढून उपटायचा आणि दुसरा बसवायचा. श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून कातरीनं रुपयाएवढा गोल कापून तोंडावर लावायचा, म्हणजे उजेड मऊ पडतो. पाणी आत शिरतं की नाही ते पाहण्यासाठी एकदा त्यांनी पेटलेली बॅटरी पिण्याच्या पाण्याच्या माठात सोडली आणि विसरले. मुक्कामाला आलेल्या आमच्या सासूबाई पाणी घ्यायला गेल्या, झाकण उचललं, तर माठात टिपूर चांदणं. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि हात जोडले. साडूभाऊ धावत आले, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "वा! थेंब शिरला न्हाई."

दुकानामागच्या मालखोलीत त्यांची परीक्षा चालायची. खिडकीला वाकळ लावलेली, समोरची भिंत चुन्यानं शुभ्र केलेली. जेवण झालं की पाहुण्याची सुटका नसे. "आता उजवी बघा. आता डावी. सांगा, कंची पांढरी?" मला दोन्ही पांढऱ्याच दिसायच्या. तसं म्हटलं की ते सुस्कारा टाकायचे. त्यांच्याकडे पांढऱ्याच्याच दहा-बारा जाती होत्या: दुधाचा, ताकाचा, चुन्याचा, धुतलेल्या कापसाचा, न धुतलेल्या कापसाचा. उजेड लांब जाणारा असला तर 'भाला' आणि पसरणारा असला तर 'घोंगडं'. मी मनातल्या मनात हसायचो. पण एका दुपारी त्यांनी ती पेनासारखी बॅटरी माझ्या अंगावर धरली आणि म्हणाले, "पाव्हणं, हा सदरा एका ताग्यातला न्हाई. डावी बाही दुसऱ्या ताग्याची हाय." केजला परत येऊन मी शिंप्याला विचारलं. तो आधी हो-ना करत राहिला, मग मान खाली घालून म्हणाला, "कापड कमी पडलं होतं साहेब. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्या दिवसापासून माझं हसणं बंद झालं. देवानं असा डोळा एखाद्यालाच दिलेला असतो, आणि तो आपल्या नात्यात आहे याचा मला चक्क अभिमान वाटू लागला.

बॅटऱ्या ते विकत नसत, वाटत. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला घसे बघायला एक दिली, पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या कितीतरी गिऱ्हाइकांना दिल्या. अलीकडे मात्र घरात एक कुरबुर सुरू झाली होती. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणायची, "अहो, तुमच्या नव्या बॅटऱ्या निळ्या पडायल्यात." त्यावर साडूभाऊ म्हणायचे, "तुला काय कळतंय त्यातलं? इतका पांढरा दाणा जन्मात घावला न्हवता." हा वाद दोन वर्षं चालला. सगळं शास्त्र साडूभाऊंच्या बाजूनं असल्यामुळे अक्का दर वेळी हरायची.

मग एके दिवशी जवळच्या खेड्यातली एक बाई दुकानात आली. मी तेव्हा तिथंच बसलो होतो. तिनं पिशवीतून साडीची घडी काढून गादीवर ठेवली. "शेठ, आमच्या पोरीचा साखरपुडा हाय. तुमी गडद निळी म्हणून दिली, आन् ही तर काळी हाय. साखरपुड्याला काळं नेसवू व्हय पोरीला?" साडूभाऊ हसले. बॅटरी काढून साडीवर धरली आणि म्हणाले, "निळीच हाय की." दुकानातला नोकर माझ्याकडे बघू लागला. साडी काळीकुट्ट होती; मलासुद्धा दिसत होतं. साडूभाऊंनी कपाटातून खरी निळी काढली, दोन्ही घेऊन बाहेर उन्हात गेले आणि पायरीवर उभे राहिले. एक उजव्या हातावर, एक डाव्या. खूप वेळ. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "पाव्हणं, यातली निळी कंची?" मी डाव्या हाताकडे बोट केलं. त्यांनी बाईला निळी साडी दिली, वर माफी मागितली, आणि आत येऊन गादीवर न बसता खाली जमिनीवर बसले.

बीडला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच त्यांना घेऊन गेलो. त्यांनी यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली तर यंत्रामागून साडूभाऊंचा आवाज आला, "मॅडम, तुमचा हा दिवा जरा हळदी मारतोय."

"दिवा चांगला आहे काका," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. आतली काच पिवळी पडलीय. निळा रंग आत पोचतच नाही. हे हळूहळू होतं, म्हणून माणसाला कळत नाही."

"कवापासून आसंल?"

"पाच-सहा वर्षं असेल."

येताना एसटीत ते बोटांवर काहीतरी मोजत होते. अर्धी वाट मागं पडल्यावर म्हणाले, "चाळीस तरी वाटल्या आसतील. समद्या निळ्या." थोड्या वेळानं म्हणाले, "तिचं बरोबर होतं." अक्काला हे त्यांनी घरी गेल्या गेल्या, चपला काढायच्या आधी सांगितलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा म्हणे ते पाच मिनिटं नुसते दवाखान्याच्या भिंतीकडे बघत बसले होते. मग चाळीसही बॅटऱ्या परत मागवून त्यांतले दाणे बदलायचे, असं त्यांनी ठरवलं. परत द्यायला कुणीच तयार होईना. सिस्टर म्हणाली, "काका, घसा दिसतोय ना? मग राहू द्या." पण ते दारोदार गेले आणि समोर बसून एकेक दुरुस्त करून आले. डावा डोळा मात्र लांबणीवर पडू लागला. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तारीख दिली, दोन्ही त्यांनी टाळल्या. अक्कानं मला फोन केला. "ते भ्यालेत बगा. तुमचं ऐकत्यात. येऊन जा."

मी गेलो तेव्हा ते मालखोलीत होते. पुढ्यात उघडलेली बॅटरी, पिवळ्या जिलेटिनच्या कागदाच्या चकत्या आणि डाख द्यायची तापलेली सळई. चकती लावलेला पिवळा उजेड भिंतीवर टाकायचा आणि नव्या डोळ्यानं बघायचा. मग शेजारी साधा पांढरा उजेड टाकून जुन्या डोळ्यानं बघायचा.

"साडूभाऊ, डोळा का म्हून करून घेईना गेलात?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"करणार की. दोन दिवस थांबा." त्यांनी एक चकती काढून दुसरी लावली. "डावा डोळा हाय तवरच जुळवता येतंय, पाव्हणं. एकदा काच काढली की जुळवायचं कशाशी? अजून जरा हिरवट मारतोय."

ते काय करत होते हे कळायला मला थोडा वेळ लागला. कळल्यावर मी हातात कातर घेतली. दोन दिवस राहिलो, चकत्या कापून दिल्या. तिसऱ्या दिवशी पहाटेच ते स्वतःहून तयार होऊन दारात उभे होते.

आता त्यांचे दोन्ही डोळे काचेसारखे स्वच्छ आहेत. दिवाळीनंतर आम्ही गेलो होतो. दुपारी माजघरात अक्का तांदूळ निवडत बसली होती. साडूभाऊंनी खिडकी ओढून घेतली, कनवटीला खोचलेली, पिवळ्या चकतीची छोटी बॅटरी काढली आणि तिच्या तोंडावर धरली. "बगा पाव्हणं. मला ही अशी दिसायची."

मी बघितलं. पिकलेले केस, गालावरच्या रेघा, झिजलेली नथ, सगळं एका कोवळ्या पिवळ्या उन्हात ठेवल्यासारखं झालं होतं. जुन्या तुपाचा रंग. अक्काला मी पंचवीस वर्षं ओळखतो. मला ती अशी कधी दिसली नव्हती.

"बंद करा की आता, सेल उतरंल," ती सुपातून मान वर न काढता म्हणाली. गालातल्या गालात हसत होती.

साडूभाऊंनी बंद केली नाही. ती निवडत राहिली, ते धरून राहिले.