काळ्या तलंगेचं पहिलं अंडं

लग्नानंतरची पहिली संक्रांत माहेरी करून मी ओझरला सासरी परत निघाले, तेव्हा आईने कापडी पिशवीत घालून दोन तलंगा दिल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. आंदणात गाय द्यायची ऐपत नव्हती, ती हौस आईने अशी भागवली. दिंडोरीपासून एसटीत सगळ्या वाटेवर पिशवीतून दोन माना बाहेर आणि कंडक्टर माझ्याकडे बघून हसतोय, असा तो प्रवास झाला. "उन्हाळ्यात अंड्यावर येतील," आईने सांगितलं होतं. मी सासरी तेच सांगितलं, आणि तिथेच चुकले.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. सासरे विमानाच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. सुट्या भागांची जाडी केसभर इकडेतिकडे झाली तरी भाग परत पाठवायचे. त्यांना मी मामा म्हणायचे. सासूबाईंना आत्या. नवरा सिन्नरला नोकरीला, शनिवारी यायचा. मागच्या अंगणात शेवग्याचं झाड, धुण्याचा दगड आणि मामांनी पॅकिंगच्या फळ्यांचं केलेलं खुराडं. एका तलंगेला फाल्गुनात बोक्याने उचललं. काळी राहिली.

आत्या खेड्यातल्या. रोज सकाळी खुराडं उघडलं की त्या कोंबडीला काखेत धरायच्या आणि मागून बोटाने चाचपायच्या. अंडं यायचं असेल तर बोटाला लागतं, मग कोंबडी डालग्याखाली झाकून ठेवायची, म्हणजे अंडं दुसऱ्याच्या परसात जात नाही. माझी आईही असंच करायची. पण आई हळू आवाजात सांगायची. आत्या अंगणातून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "नाय!"

चैत्रात नाय, वैशाखात नाय, जेठातही नाय. काळी मात्र मजेत होती. तुरा लाल झाला, अंग भरलं, कण्या आणि कोंडा खाऊन पुन्हा माझ्या पायाशी घुटमळायची. शेजारीण भिंतीवरून रोज विचारायची, "आली का गं अंड्यावर?" लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं, आणि घरात आणखी एका बातमीची वाट पाहणं चालू होतं. त्याबद्दल मला तोंडावर कोणी काही बोललं नाही, हे खरं सांगायला हवं. पण सकाळचं ते "नाय" मला माझ्यासाठीच म्हटल्यासारखं वाटायचं. मी स्वयंपाकघरात असले तर भांडी जरा जोरात घासायचे.

आखाड लागला तसं आत्यांनी जाहीर केलं, "लय दाणे खाल्ले हिनं. शेवटच्या रविवारी पावणे येणार हायेत. तवर अंडं नाय दिलं तर हिलाच कापू." म्हणण्यात वावगं काही नव्हतं. श्रावण लागला की महिनाभर घरात अंडं-मटण बंद, म्हणून आखाडात सगळेच खाऊन घेतात. जी कोंबडी अंडं देत नाही ती आखाडात जाते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. माहेरी मी स्वतः अशा कोंबड्यांची पिसं काढली होती. पण ही गेली असती तर माझ्याबरोबर माहेराहून आलेलं, आणि बिनकामाचं ठरलेलं, असं मी एकटीच उरले असते. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

शनिवारी सकाळीही "नाय" झालं. संध्याकाळी मी कोथिंबिरीच्या निमित्ताने स्टँडवर गेले आणि दुकानातून एक अंडं आणलं. फार्मचं, पांढरंशुभ्र, चांगलं मोठं. गावठी तलंगेचं पहिलं अंडं बारकं आणि मातकट असतं, हे शेताच्या बांधावर वाढलेल्या मुलीला माहीत नसावं? माहीत होतं. पण घाबरल्यावर माणूस माहीत असलेलंच आधी विसरतं. अंड्याला चुलीतली राख चोळली, एक काळं पीस चिकटवलं आणि अंधार पडल्यावर खुराड्यात गवतावर ठेवून दिलं.

रविवारी खुराडं मामांनी उघडलं, कारण कापणार तेच होते. मसाला वाटून तयार होता. मी ओट्याशी अंगणाकडे कान लावून उभी. "अगं, दिलं की हिनं!" मामा ओरडले. आत्या गेल्या. अंडं हातात घेऊन त्यांनी पदराने पुसलं. राख निघाली.

"एवढं मोठं?" त्या म्हणाल्या.

"इतके दिवस साचलेलं. मोठं नको यायला?" मामा म्हणाले, आणि पिशवी घेऊन मटण आणायला गेले. केसभर फरक पकडणारा माणूस आणि अंड्यात फसला, असं मनात येऊन मला हसू आलं. आत्यांनी ते अंडं उकडलं, सोललं आणि मीठ-तिखट लावून माझ्यासमोर ठेवलं. "तू खा. तुझ्या माहेरची हाय ना." मी खाल्लं. चव आठवत नाही. दोघांनाही बनवल्याचा आनंद मात्र चांगला आठवतो.

श्रावणातल्या दुसऱ्या आठवड्यात मी दगडावर धुणं आपटत होते. आत्यांनी काळीला नेहमीसारखं काखेत घेतलं, चाचपलं आणि थांबल्या. त्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "हाय." कोंबडीला डालग्याखाली झाकलं आणि आम्ही दोघी आपापल्या कामाला लागलो. दहाच्या सुमाराला कलकलाट झाला. आत्यांनी डालगं उचललं, हात घातला आणि माझ्याजवळ आल्या.

माझा ओला हात पुसून त्यांनी तळव्यावर अंडं ठेवलं. मातकट, लिंबाएवढं, एका बाजूला रक्ताची बारीक रेघ. अजून गरम होतं.

"पहिलं हाय तिचं," आत्या म्हणाल्या. "पहिलं असंच बारकं असतं."

मी मान वर केली नाही. दोनच आठवड्यांपूर्वी ह्याच कोंबडीचं म्हणून मला त्यांनीच स्वतः उकडून खाऊ घातलं होतं. आणि त्याच्या आदल्याच सकाळी त्यांचं बोट "नाय" म्हणालं होतं. राख पुसतानाच त्यांना सगळं कळलं असणार. मला भयंकर लाज वाटली आणि लगेच रडू आलं.

"रडायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "ज्याची त्याची वेळ असती. आखाडाचं उगाच बोलले मी." मग डालगं भिंतीला टेकवून त्यांनी माझं राहिलेलं धुणं हातात घेतलं आणि मला आत जाऊन चहा टाकायला सांगितलं.