कोचचं लाल पुस्तक

"दमलात? छान! दमलेला माणूस उगाच ताकद लावत नाही," असं म्हणून ते बाकावरून उठायचे. उठताना आधी डावा गुडघा दाबायचे, मग उजवा, आणि दोघांनाही रशियनमध्ये काहीतरी ऐकवायचे. ते काय असायचं, मी कधी विचारलं नाही. सूर ऐकून तुम्हीही विचारलं नसतं.

मी जर्मनीत रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. चाळिशीत डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, म्हणून घराजवळच्या छोट्या क्लबात टेनिस शिकायला गेले. तिथले हे कोच. वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर विटकी पांढरी टोपी. त्यांचं जर्मन रशियन चालीचं आणि माझं पुणेरी, त्यामुळे आमचं छान जमलं. व्याकरणाची लाज दोघांनाही नव्हती.

ते मूळचे कझाकस्तानातले. सोव्हिएत काळात तिथल्या संघातून खेळायचे. एकदा परदेशातल्या स्पर्धेसाठी निवड झाली. बॅग भरून मॉस्कोच्या विमानतळावर पोचले, तर वरून निरोप आला की संघ जाणार नाही. कारण कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? आईनं वाटेसाठी उकडलेली अंडी दिली होती. ती खाल्ली आणि घरी आलो."

पुन्हा निवड झाली नाही. तिशीतच कोच झाले. देश मोडला तेव्हा बायकोला घेऊन इकडे आले, काही वर्षं गोदामात खोकी उचलली, मग या क्लबानं त्यांना शिकवायला बोलावलं. वीस वर्षं तेच चाललं होतं. बायको गेल्यावर कोर्टाशिवाय त्यांना दुसरं काही उरलं नव्हतं.

लाल मातीच्या कोर्टावर खेळून झालं की खेळणाऱ्यानंच एक रुंद जाळी मातीवरून फरफटत ओढून ती सारखी करायची असते. कारखान्यातून थकून आलेली मी ती कशीतरी सरळ ओढायचे. ते जाळी माझ्या हातातून काढून घेत. "बाहेरून आत, गोल गोल. फ्राऊ इंजिनिअर, तुम्ही गाड्यासुद्धा अशाच करता का?"

एकदा त्यांनी लाल पुठ्ठ्याचं एक छोटं पुस्तक दाखवलं. त्यांच्या देशानं खेळाडू म्हणून दिलेला किताब त्यात नोंदलेला होता, वर तरुणपणचा फोटो. इथे त्याला कोणी विचारत नाही, म्हणाले.

आता आपण मराठी इंजिनिअर कसे असतो, तुम्हाला ठाऊकच आहे. कागद दिसला की त्याची प्रमाणित प्रत काढल्याशिवाय चैन पडत नाही. माझी पुण्याची डिग्री इथे मान्य करून घेताना मी तीन फाइली भरल्या होत्या. म्हटलं, "तुमच्या पुस्तकाचीही अनेरकेनुंग मिळवू. सरकारी मान्यता. मी करते सगळं."

"राहू द्या," ते म्हणाले. "चाललंय ना."

मला तो भिडस्तपणा वाटला. मी त्यांना न सांगता क्लबाच्या नव्या कमिटीला मेल केली. यांच्याकडे कोचचं जर्मन लायसन्स नसूनही ते वीस वर्षं उत्तम शिकवतात, असं पत्र अर्जासाठी द्यावं. 'उत्तम' हा शब्द मी मुद्दाम ठळक केला होता.

कमिटीनं तेवढा सोडून बाकीचे शब्द वाचले. लायसन्स नाही, मग शिकताना कोणाला लागलं तर विम्याचं काय? वीस वर्षं कोणाला न पडलेला प्रश्न माझ्या शहाणपणामुळे पडला. सीझन संपेपर्यंत शिकवा, पुढे नवीन कोच येतील, असं पत्र त्यांच्या हातात पडलं.

सहा आठवडे मी गप्प राहिले. भेकडपणा, दुसरं काय. ते मात्र पूर्वीसारखेच शिकवत होते, उलट माझ्या सर्व्हिसच्या जरा जास्तच मागे लागले होते. शेवटच्या गुरुवारी जाळी ओढता ओढता मी एकदाचं बोलले, "कमिटीला ती मेल मी केली होती."

"हो, हो. माहीत आहे. कमिटीच्या पत्राला जोडलेली होती."

"आणि तरी तुम्ही मला शिकवत राहिलात?"

ते जाळी धरून थांबले. "हे बघा, त्यात लिहिलं होतं की मी उत्तम शिकवतो. जाड अक्षरात. इतक्या वर्षांत असं कोणी लिहून दिलं नव्हतं. मग तुमची सर्व्हिस तशीच ठेवून कसा जाऊ?"

मला रडू आवरेना. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि उरलेलं कोर्ट एकट्यानं ओढलं.

हिवाळ्यात ते येना शहरात बहिणीकडे राहायला गेले. फोन करते, पण ते फोनवर फार बोलत नाहीत. गुडघे बरे आहेत म्हणतात, आणि ते खरं नसणार.

नवीन कोच भला मुलगा आहे, लायसन्सवाला. पहिल्याच दिवशी माझी सर्व्हिस बघून म्हणाला, "ही कुठे शिकलात? फार चांगली आहे."

मी त्यांचं नाव सांगितलं. त्यानं ते ऐकलेलं नव्हतं. मी पुन्हा एकदा सांगितलं, सावकाश, आडनावासकट.