चंपतरावांचे ब्रेक

कळमेश्वरचे चंपतराव आपल्या मालवाहू जीपला फार जपत. हमालांनी संत्र्याच्या पेट्या मागून चढवाव्यात, मागूनच उतरवाव्यात. त्यांच्या बायकोला, प्रेमिलाबाईंना, गाडी पुसायची मुभा होती; तीही बाहेरून.

चौऱ्याहत्तर सालच्या मोसमात ब्रेक दाबला की गाडी थरथरू लागली. नागपूरच्या नत्थूजी मिस्त्रींनी पाहून सांगितलं, पुढचे दोन्ही ब्रेक ड्रम झिजलेत, नवे बसवावे लागतील. पण त्यांना आठ दिवस सवड नव्हती. चंपतराव नवे ड्रम घेऊन घरी आले आणि म्हणाले, यात मिस्त्रीचं काय काम? आम्ही तीनदा डोळ्यांनी पाहिलंय.

चाकं निघाली, पण गंजलेले ड्रम काही केल्या हलेनात. हातोड्याचे ठोके दुपारभर गल्लीला ऐकू येत होते. दुसरा ड्रम सुटला तेव्हा चंपतराव त्याला कवटाळूनच मागे बसले. नवे ड्रम मात्र झोकात बसले. फक्त ठोकाठोकीत ब्रेकच्या तेलाची नळी ढिली होऊन बरंच तेल सांडलं होतं आणि नळीत हवा शिरली होती. ती काढायला एकानं खाली झोपून स्क्रू सोडायचा, दुसऱ्यानं वर बसून पेडल दाबायचं. घरात दुसरं माणूस एकच होतं.

प्रेमिलाबाई पदर खोचून ड्रायव्हरच्या जागी बसल्या. खालून हुकूम सुटू लागले. दाब. सोड. दाब. तासभर झाला.

"अजी, पाय तं खालीच जाऊन राहिला," त्या म्हणाल्या.

"तुह्या पायात जोर नाही वं. दाब."

त्यांनी आणखी दहा वेळा दाबलं. मग पायाशी असलेल्या तेलाच्या डबीचं झाकण फिरवून आत पाहिलं.

"यात तेल टाकलं व्हतं का तुम्ही?"

डबी कोरडी होती. तासभर ते नळीत हवाच भरत होते, हे चंपतरावांच्या ध्यानात आलं. ते बाहेर आले, डबी भरली आणि पुन्हा खाली सरकले. या खेपेला "दाब" बराच मऊ आला.

दुसऱ्या दिवशी प्रेमिलाबाईंना नागपूरला रामदासपेठेत बहिणीकडे सोडायचं होतं. वाटेत म्हैस आडवी आली आणि गाडी जागच्या जागी, सरळ थांबली. पुढे नत्थूजी भेटले. ड्रम कोणी बदलले, त्यांनी विचारलं.

"आम्ही," चंपतराव म्हणाले.

हे "आम्ही" दोघांचं की त्यांचं नेहमीचं एकट्याचं, ते प्रेमिलाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी ते दोघांचं धरलं.