अप्पाचं साल

शिवम्माला राग यायला कारण लागत नाही, असं गंगाखेडात लोक म्हणत. साफ खोटं. कारण दर वेळी असे आणि बहुतेक वेळा ते रास्त असे. घाटाजवळच्या तिच्या खाणावळीत कुणी भाकरीला नाव ठेवलं, तर ती त्याच्या पुढचं ताटच उचलून नेई.

नवऱ्यामागं त्याच चुलीवर तिनं एकुलत्या एका नागप्पाला वाढवलं. तो परभणीत शिंपीकाम करू लागला, तिथं त्यानं स्टेशनाजवळ घर बांधलं आणि बांधताबांधताच ते तिथल्याच ईश्वरअप्पा वाण्याकडं गहाण टाकलं. आईला हे कळलं हप्ते थकल्यावर. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बायको-लेकरं रस्त्यावर आणायलायस का? आन् मला आता सांगायलायस?"

"माय, सालअखेरपातुर मुदत हाय. गुढीपाडव्याला लय वेळ हाय अजून."

शिवम्मानं त्याला पोटभर शिव्या घातल्या आणि दुसऱ्याच दिवसापासून पैसा जमवायला लागली. तांब्याचे हंडे विकले. वाढणाऱ्या बाईला काढून टाकलं आणि सगळ्या भाकरी एकटीनं थापल्या. प्रत्येक भाकरीला नागप्पाचा उद्धार होत होता, पण डब्यात पैसा पडत होता.

दसरा झाला आणि नागप्पा पडेल तोंडानं गंगाखेडला आला. दिवाळी झाली की घर खाली करा, असा अप्पाचा निरोप होता.

"साल सरलं म्हणं, माय. कागदावर सरकारी साल हाय. ते आबान म्हैन्यातच सरतं."

निजामाच्या कचेरीत दसऱ्याच्या सुमाराला आबान संपला की साल संपे. नागप्पाचं साल गुढीपाडव्याला संपे. अंगठा उठवताना विचारायचं याला सुचलं नाही आणि सांगायचं अप्पानं शिताफीनं टाळलं. शिवम्माला पोराचा संताप आला, पण अप्पाचा त्याहून जास्त आला. हा माणूस तिच्याच लिंगायत समाजातला. गळ्यात लिंग बांधायचं आणि माणसाच्या डोक्यावरचं छप्पर काढून घ्यायचं. कचेरीत जाऊन उपयोग नव्हता, कागद चोख होता.

त्या दिवशी बाजारातल्या एका वाण्याकडं तिनं जेवणाची बाकी मागितली. तो नेहमीसारखं म्हणाला, "दिवाळीला देतो की. आमचं साल तवाच सरतं." शिवम्मा त्याच्याकडं बघतच राहिली. मग घरी येऊन तिनं पैशाचा डबा फडक्यात बांधला.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी परभणीत अप्पाच्या पेढीवर सगळा बाजार जमला होता. नव्या वह्यांना हळदकुंकू लागलं होतं. शिवम्मा सरळ आत गेली. नागप्पा पायरीपाशीच घुटमळला.

"अप्पा, ह्या वह्या कशाच्या?"

"नव्या सालाच्या, अक्का. जुनं साल आज सरायलंय."

"तुमचं आज सरायलंय, तर माझ्या लेकाचं आबानात कसं सरलं?"

शिवम्मानं पूजेच्या ताटात निजामाचे हाली रुपये ओतले. थोडे कमी होते. तिनं गळ्यातला चांदीचा करंडा उघडला, आतलं लिंग काढून कपाळाला लावलं, पदराच्या टोकात बांधलं आणि रिकामा करंडा रुपयांवर ठेवला.

"मोजून घ्या. न्हाईतर ह्या मंडळींसमोर म्हणा, आज दारात आलेली लक्ष्मी आमाला नको."

अप्पानं जमलेल्या मंडळींकडं पाहिलं. त्या संध्याकाळी कुठलाही वाणी असं म्हणू शकत नाही. त्यानं भरून पावल्याचं लिहून कागद परत दिला आणि करंडा पुढं सरकवत म्हणाला, "अक्का, हे ऱ्हाऊ द्या."

बाहेर आल्यावर नागप्पा हरखून म्हणाला, "कायबी म्हण माय, करंडा परत दिला. मन मोठं हाय अप्पाचं."

भर बाजारात, पणत्यांच्या उजेडात, शिवम्मानं त्या बाप झालेल्या पोराच्या मुस्काटात दिली.

नागप्पाच्या घरी जाऊन तिनं तो करंडा दाराच्या आतल्या खिळ्याला अडकवला. "अंगठा उठवायला निघालास की आधी ह्याच्याकडं बघायचं," म्हणाली. पुढं करंडा परत गळ्यात घाला म्हणून सुनेनं कितीदा विनवलं, नागप्पानं पाय धरले, पण शिवम्मा मरेपर्यंत लिंग फडक्यातच बांधत राहिली.